नावाची नुकसानभरपाई

माझ्या आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवर एका तरुणानं तीन कर्जं उचलली, एकाचाही हप्ता भरला नाही आणि पुढे तो पोलिसांच्या हाती लागला. मला हे कळलं ते मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेले तेव्हा. "मॅडम, तुमचं सिबिल तर पार खराब झालंय," असं बँकेतल्या बाईंनी आवाज खाली करून सांगितलं. आयुष्यभर शिक्षिकेच्या पगारात भागवलेलं, कुणाची उधारी ठेवलेली नाही, आणि माझ्या नावापुढे थकबाकीदार असा शिक्का.

तेव्हापासून मी एकाच प्रश्नाच्या मागे आहे: ज्यानं माझं नाव वापरलं, त्यानं माझं नुकसान भरून द्यायला नको का? रामटेक-नागपूर एसटीत, वकिलांच्या टेबलाशी, न्यायालयाच्या व्हरांड्यात या प्रश्नाची जी उत्तरं मिळत गेली ती इथे मांडते आहे. खटला चालू आहे, म्हणून माझ्या प्रकरणातल्या माणसांची आणि कंपन्यांची नावं घेत नाही. तुमचं प्रकरण वेगळं असेल, पण यातलं काही ना काही तुमच्या ओळखीचं निघेल.

१. चोर सापडला म्हणजे भरपाई मिळाली असं होत नाही. त्याला पकडल्याचा फोन आला त्या रात्री मला खूप दिवसांनी गाढ झोप लागली. आता तो कबूल करेल, पैसे भरेल, माझं नाव सुटेल, असं मी धरून चालले होते. मग वकिलांनी समजावलं की फौजदारी खटला सरकार आणि आरोपी यांच्यात चालतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण फसवणुकीनं वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. २००८च्या दुरुस्तीनं आलेलं हे कलम आहे आणि ते हवंच होतं. पण तो दंड एरवी सरकारजमा होतो. त्याच्याकडून जप्त केलेले मोबाइल आणि सिमकार्डं मुद्देमाल म्हणून जमा राहतात. शिक्षा सरकार मागतं. भरपाई ज्याचं गेलं त्यालाच मागावी लागते. हे ऐकून आधी निराशा आली. नंतर बळही आलं, कारण आपल्याकडून करण्यासारखं काहीतरी आहे हे त्यातूनच कळलं.

२. कागदोपत्री माझं काही गेलेलंच नव्हतं. जबाब देताना हवालदारांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "पण मॅडम, पैसे तर त्या कंपनीचे गेले ना जी. तुमचे काय गेले?" त्या प्रश्नात वाईट हेतू नव्हता. कर्ज देणाऱ्या कंपनीला चोरानं ठकवलं, म्हणून ठकवली गेली ती कंपनी आणि मी त्या घटनेची साक्षीदार, असा तो हिशेब होता. मराठी माणसाला तोतया नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं नाव लावून एक जण उभा राहिला, त्यानं माणसं जमवली, बंड केलं आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. त्या तोतयाची चौकशी आणि शिक्षा आपण अजून वाचतो. नवऱ्याच्या नावाचा बाजार होताना पाहणाऱ्या पार्वतीबाईंनी काय गमावलं, ते मात्र कुणी मोजलं नाही. ज्याचं नाव चोरलं जातं तो हिशेबाबाहेर राहतो, ही गोष्ट इतकी जुनी आहे. म्हणून माझी पहिली लढाई पैशांची नव्हतीच. मला पीडित म्हणून नोंदवून घ्या, एवढीच होती.

३. नुकसान या शब्दात कायद्यानं माझ्या कल्पनेपेक्षा जास्त सामावून घेतलं आहे. वकील ताईंनी भारतीय न्याय संहिता उघडून दाखवली. तिथे "क्षती"च्या व्याख्येत शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता या चारही गोष्टींना झालेली बेकायदा हानी येते. जुन्या १८६०च्या दंड संहितेतही हेच होतं. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आरोपीच्या कृत्यानं ज्याला नुकसान किंवा क्षती पोहोचली त्याला पीडित म्हणते. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. लौकिक! वसुलीवाला माझं घर शोधत आला तेव्हा त्यानं आधी पानठेल्यावर, मग आमच्या गल्लीतल्या तीन दारांत माझं नाव घेऊन चौकशी केली होती. रामटेकसारख्या गावात, जिथे बाजारात भेटणारी निम्मी माणसं माझ्या वर्गात बसलेली आहेत, तिथे याचा अर्थ काय होतो हे कुणाला समजावावं लागत नाही. माझं काय गेलं, याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं. पुरवणी जबाबात मी तेच लिहून दिलं.

४. जे नुकसान लिहिलं जात नाही ते कुणी भरून देत नाही. "फार मनस्ताप झाला" असं सांगितलं की सगळे मान हलवतात आणि पुढच्या कागदाकडे वळतात. म्हणून मी एक वही केली. बिनपगारी रजा, एसटीची तिकिटं, प्रतिज्ञापत्राचा खर्च, नोटरी, नोंदणी टपालाच्या पावत्या, मुलीच्या कर्जाला उशीर झाला म्हणून नातलगांकडून हातउसने घेतलेले पैसे, रक्तदाब वाढला तेव्हाची डॉक्टरांची चिठ्ठी. सोबत वसुलीच्या फोनांची तारीख आणि वेळ. सुरुवातीला हे लिहिताना मला संकोच वाटायचा, आपण क्षुल्लक गोष्टींना चिकटून बसलो आहोत असं वाटायचं. पण लिहिता लिहिता उमगलं की या क्षुल्लक गोष्टींतच माझा सगळा काळ गेला होता. चोरानं कर्ज माझ्याकडून घेतलं नाही. माझे दिवस घेतले. दिवसांची किंमत ठरवणं अवघड आहे, पण निदान ते गेले कुठे हे दाखवता येतं. पुढे प्रत्येक अर्जाला हीच वही कामी आली.

५. पहिली भरपाई नाव धुऊन मिळण्याची असते, आणि तिच्यासाठी चोराची वाट पाहावी लागत नाही. देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एकीकडे नोंद सुधारली म्हणून दुसरीकडे आपोआप सुधारेल, असंही नसतं. चारही ठिकाणी तक्रार घातली. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३च्या परिपत्रकानं इथे एक चांगला नियम केला आहे: तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे तक्रारदाराला शंभर रुपये. त्यातले पहिले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेनं दुरुस्ती पाठवायला. ज्याच्याकडून उशीर, त्यानं पैसे द्यायचे. २०२४च्या एप्रिलपासून हा नियम लागू आहे. माझ्या एका नोंदीला उशीर झाला आणि ती रक्कम खात्यात आली. छोटी होती, पण माझा दिवस फुकट नाही हे पहिल्यांदा कुणीतरी पैशांत मान्य केलं होतं.

६. "झेरॉक्स कशाला दिली?" हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. मला तो नातेवाइकांनी विचारला, शाळेत विचारला, अगदी दूधवाल्यानंही विचारला. गॅसच्या जोडणीला झेरॉक्स लागते, सिमकार्डाला लागते, मुलीच्या प्रवेशाला लागते, लॉजवर एक रात्र राहायचं तरी लागते. न देणाऱ्याचं काम होत नाही. खरा प्रश्न असा आहे की त्या झेरॉक्सवर कर्ज कसं मिळालं? कंपनीकडून अर्जाची प्रत मिळवली तेव्हा त्यावरचा मोबाइल नंबर माझा नव्हता, सही माझी नव्हती, नोकरीचं ठिकाण माझं नव्हतं. फोटो एका अनोळखी बाईचा होता. त्या फोटोकडे मी बराच वेळ पाहत राहिले. ती कुणीतरी असेल, तिच्याही कागदांतून तो फोटो उचललेला असेल, आणि आपला चेहरा रामटेकच्या एका शिक्षिकेच्या नावाला चिकटवलाय हे तिला अजूनही ठाऊक नसेल. समोरचा माणूस तोच आहे ना, हे तपासून घेणं रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनी कर्ज देणाऱ्यावर टाकलं आहे. त्या दिवसापासून मी कुणासमोर स्वतःची सफाई दिली नाही.

७. चोरापेक्षा ज्यानं न पाहता दार उघडलं त्याच्याकडून भरपाई मिळण्याची शक्यता जास्त असते. याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण पुण्याचं आहे. पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीच्या खात्यातून फसव्या ई-मेलच्या मार्गानं ८० लाख १० हजार रुपये गेले होते. २०१३ साली राज्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायचा आदेश दिला. ज्या खात्यांत ते पैसे वळले, ती उघडताना पुरेशी शहानिशा झाली नव्हती, हा बँकेवरचा ठपका. ई-मेलला उत्तर दिलं म्हणून काही भार तक्रारदारावरही राहिला. हा निकाल वाचून मला दोन गोष्टी पटल्या. जबाबदारी वाटून घेता येते, ती सगळी एकाच्या माथी असायला लागत नाही. आणि चोर कंगाल असला, फरार असला तरी दाद मागायचा मार्ग बंद होत नाही.

८. योग्य दार कुठलं, हे शोधण्यातच अर्धी शक्ती जाते. मला वाटलं होतं, न्यायालयात एक अर्ज केला की झालं. प्रत्यक्षात, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे पाच कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात, आणि ते बसतात मुंबईत. इथल्या माणसानं विदर्भ एक्स्प्रेसनं रात्र काढून मंत्रालय गाठायचं. कर्जनोंदीच्या कंपनीविरुद्ध तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. रिझर्व्ह बँक नागपुरात संविधान चौकात उभी आहे, पण टपालानं धाडायची तक्रार चंदीगडला जाते. ऑनलाइनही करता येते. २०२१च्या लोकपाल योजनेत प्रत्यक्ष तोट्यासाठी वीस लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्ताप यांसाठी वेगळे एक लाखापर्यंत देण्याची तरतूद होती. ग्राहक आयोगाचं दार मात्र वकील ताईंनी टाळायला सांगितलं. ग्राहक म्हणून दाद मागायची तर मी त्या कर्ज कंपनीची ग्राहक आहे असं म्हणावं लागणार, आणि मी ग्राहक नाही हीच तर माझी मूळ तक्रार. अशा पेचातून जाताना मला सारखं वाटे, नुकतं अक्षर शिकलेल्या माणसाचं इथे काय होत असेल?

९. नाव चोरीला गेलं तर लांब दमाची गरज असते, खात्यातले पैसे गेले तर तासांची. आमच्या शेजारच्या निवृत्त काकांच्या पेन्शन खात्यातून अंगठ्याच्या ठशावर पैसे निघाले, तेव्हा हा फरक डोळ्यांसमोर आला. त्यांच्या भाच्यानं लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावला आणि त्याच दिवशी बँकेत लेखी कळवून पोच घेतली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नाही, आपलीही नाही, तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यावर तीन कामकाजी दिवसांत आपण कळवलं, तर तोटा आपल्यावर येत नाही. चार ते सात दिवस झाले तर ठरावीक मर्यादेपर्यंतच येतो. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करणं बँकेवर आहे. काकांचे पैसे परत आले. "चोर कोण होता ते काही समजलं नाही बाप्पा, पण पैसे आले," असं ते सगळ्यांना सांगत होते. मला त्यांचा हेवा वाटला नाही असं कसं म्हणू? माझ्याकडे चोराचं नाव होतं, गाव होतं, आरोपपत्र होतं, आणि हातात काही नव्हतं.

१०. न्यायालय चोराला भरपाई द्यायला लावू शकतं, पण ते आपण मागून घ्यावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई देता येते. शिक्षेत दंड नसेल, तर न्यायालय भरपाईची वेगळी रक्कम ठरवू शकतं. अडचणीही आहेत. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंतच दंड करता येतो, आणि दंडातून द्यायचे पैसे अपील संपेपर्यंत हातात पडत नाहीत. तरीही २०१३ साली अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणं न्यायालयाचं कर्तव्य आहे, आणि दिली किंवा नाकारली तरी कारणं नोंदवायची आहेत. सरकारी वकिलांच्या मदतीला पीडिताचा स्वतःचा वकील असू शकतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आणि वकील परवडत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही: तालुका विधी सेवा समितीकडून बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. माझ्या वकील ताई मला तिथेच भेटल्या.

११. चोराला घर असतं, आणि भरपाई मागताना ते घर समोर येऊन उभं राहतं. एका संध्याकाळी त्याचे वडील आले. पेंचच्या कालव्यावर थोडी धानाची शेती, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते. "पोट्ट्यानं आमचंबी नाव बुडवलं जी," म्हणाले. "धान विकले का थोडे थोडे आणून देतो. बायकोचे दागिने हायेत." माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. सज्ञान मुलाच्या गुन्ह्याची भरपाई बापाकडून वसूल करता येत नाही. आणि कायदा याहून पुढे जातो: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार देणेकऱ्याकडून वसुली करतानाही स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरीतीनं बाईच्या अंगावरून उतरत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. म्हणजे मंगळसूत्राला हात लावायचा नाही, हे कायद्यानंच ठरवून ठेवलं आहे. मी त्यांना पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यात माझा मोठेपणा नाही. मला भरपाई हवी होती ती त्या तरुणाच्या कमाईतून, न्यायालयाच्या आदेशानं, कागदावर. उंबऱ्यावर गुपचूप घेतलेल्या पैशांनी माझं नाव सुटलं नसतं, आणि त्या घरातली चूल मात्र विझली असती.

१२. माझ्यासारखे किती जण आहेत, हे आरोपपत्राची प्रत हातात आल्यावर कळलं. त्याच्याकडे सापडलेल्या कागदांत बचत गटातल्या बाया होत्या, विटाभट्टीवर जाणारे मजूर होते. त्यांतल्या बहुतेकांनी कधी कर्ज मागितलंच नव्हतं, म्हणून त्यांना आपलं नाव खराब झाल्याचंही माहीत नव्हतं. एका बाईकडे इंग्रजी नोटीस महिनोन्महिने देव्हाऱ्याखाली पडून होती. हे फक्त आमच्याकडे घडलं असं नाही. परभणी जिल्ह्यात गंगाखेडला शेतकऱ्यांच्या कागदांवर त्यांच्या नकळत साखर कारखान्यासाठी बँकांची कर्जं उचलल्याच्या तक्रारीवरून २०१७ साली गुन्हा नोंदला गेला. कधी न घेतलेल्या कर्जाच्या नोटिसा लोकांच्या हाती आल्या होत्या. डिसेंबर २०२० मध्ये ईडीनं त्या प्रकरणात २५५ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. एवढी मोठी रक्कम जप्त झाली तरी ज्याच्या नावानं नोटीस आली, त्याच्या दारापर्यंत त्यातलं किती पोहोचतं, हाच माझा प्रश्न आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता पीडितांमध्ये प्रमाणशीर वाटायची सोय आहे. तिचा उपयोग व्हायचा तर पीडितांची यादी पूर्ण हवी. आता आम्ही सगळे जण मिळून अर्ज करतो आहोत. एकटीनं मागितलं तर गाऱ्हाणं ठरतं. सगळ्यांनी मिळून मागितलं की हिशेब मांडावाच लागतो.

१३. वेळ लागणार, हे धरून आयुष्य पुढे न्यावं लागतं. आमच्या नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्याचा गुन्हा २००२चा, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. हे आठवलं की मी तारखेच्या आशेवर दिवस ढकलायचं सोडून देते. मधल्या काळात मी नोकरी केली, मुलीला वसतिगृहात पोहोचवून आले, त्रिपुरी पौर्णिमेला दरवर्षीसारखी रामटेकच्या गडावर गेले. नोंदी स्वच्छ झाल्यावर तिचं कर्जही मंजूर झालं. आधी वाटायचं, निकाल लागेपर्यंत आपण अर्धवट आहोत. आता तसं वाटत नाही. दावा चालू राहतो आणि त्याच्या शेजारून जगणंही चालू राहतं.

१४. चोराकडून अजून एक रुपयाही आलेला नाही, तरी माझी मागणी मी मागे घेतलेली नाही. लोक म्हणतात, नाव सुटलं ना, आता सोडून द्या. मला सोडवत नाही, कारण ही मागणी माझ्यापुरती राहिलेली नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात निष्काळजी संस्थांना २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तोही सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून वाटा नाही. माझं म्हणणं सरळ आहे. नाव चोरून मिळवलेल्या किंवा नाव न सांभाळल्याबद्दल वसूल केलेल्या प्रत्येक रुपयावर पहिला हक्क त्या नावाच्या माणसाचा असला पाहिजे. न्यायालयानं माझ्या बाजूनं हजार रुपये लिहिले तरी मी ते घेईन, कारण त्या ओळीत नुकसान कुणाचं झालं हे लिहिलेलं असेल. विटाभट्टीवरच्या त्या मजुरालाही उद्या ती ओळ दाखवता येईल. पुढच्या तारखेला आमचा एकत्र अर्ज दाखल होणार आहे, आणि त्यावर सगळ्यांची नावं पूर्ण लिहिलेली आहेत.